करवंदी घाटातलं डावं चाक

इक्बाल परकारांची मिनीबस गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा रुपेश साळवी दुसऱ्याच एका गाडीखाली आडवा पडलेला होता.

"रुपेशशेठ, बाहेर या जरा! तुमच्या बायकोच्या रस्त्यानं मला नापास केलं!"

रुपेश चाकं लावलेल्या फळीवरून सरकत बाहेर आला. "काय म्हणतोय रस्ता?"

"मागचं उजवं, त्यातलंही आतलं टायर. म्हणे आतून सुटत चाललंय. अहो, कालच तर तुम्ही हात फिरवून बघितलंत!"

"बघितलं. चांगलं होतं." रुपेशनं हात पुसले. "पण रस्ता म्हणतोय ना? मग काढू या. टायर काढल्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही."

बाहेरचं चाक उतरवलं, मग आतलं. वरून टायर ठणठणीत होतं, नक्षी खोल, कुठे चीर नाही. रुपेशनं ते रिमवरून सोडवलं, आत हात घातला आणि बोटं हळूहळू गोल फिरवत नेली. एका जागी बोटं थांबली. आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगा होता. रबराच्या आतले तारांचे थर एकमेकांपासून सुटायला लागले होते. उन्हाळ्याच्या दिवसांत, भरलेली बस घेऊन घाट उतरताना ते टायर कधीही फुटलं असतं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. रुपेशनं ते टायर उचललं, दारात नेलं आणि अख्ख्या आंबेरे बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात फोन लावला.

"केतकी! तुझा रस्ता जिंकला! माझ्या हाताला लागलं नाही ते त्याच्या कानाला लागलं! अगं, लिंबाएवढा फुगा!"

घाटमाथ्यावरच्या नियंत्रण कक्षात केतकीनं फोन कानापासून लांब धरला. शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं हसायला लागली. तीही हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. सहा वर्षांच्या कामाला आज पहिल्यांदा कुणीतरी हात लावून बघितलं होतं.

केतकीनं भौतिकशास्त्र शिकून सुरुवातीची वर्षं समुद्राखालच्या केबलींवर घालवली होती. संदेश वाहून नेणारी ती काचेची तार भूकंपही ऐकू शकते, हे तिथे तिनं अनुभवलं. केसाएवढा काचेचा धागा असतो. त्याच्या एका टोकातून लेसरचे ठिपके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म उणिवा असतातच, आणि त्या प्रत्येक उणिवेवर आपटून थोडा उजेड माघारी येतो. धाग्यावरून काही गेलं, हललं, आदळलं, की धागा कणभर ताणला जातो आणि माघारी येणारा उजेड बदलतो. तो किती वेळानं परत आला यावरून जागा कळते आणि कसा बदलला यावरून आवाज. म्हणजे एकच धागा, पण त्याच्या प्रत्येक हातभर लांबीला एक कान.

हाच धागा रस्त्याखाली घातला तर? गाडी बोलतच असते. बेअरिंग झिजलं की चाक गुणगुणतं. ब्रेक पॅड संपलं की घासतं. बॉल जॉइंट सैल झाला, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा तो वाटी आणि गोळीचा सांधा ढिला झाला, की चाक जरा दाबलं जाताच ठक-ठक असा जोडठोका येतो. माणसाला तो ऐकू येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. केतकीच्या यंत्रानं हजारो गाड्यांचे असे आवाज ऐकून पाठ केले होते. त्याचं सरकारी नाव मार्गश्रुती होतं. आंबेरेत सगळे त्याला 'कानवाला रस्ता' म्हणायचे.

महामार्ग विभागानं पहिल्या प्रयोगासाठी करवंदी घाट निवडला, तेव्हा केतकीनं तो हट्टानं मागून घेतला. घाटाच्या पायथ्याशी तिच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. रुपेशही इंजिनिअर. चाकणला एका कारखान्यात गाड्यांच्या चाचण्या घेता घेता कंटाळला आणि गावी परतला. तो परतला तेव्हा लोक म्हणाले होते, आता सगळ्या गाड्या विजेच्या, इंजिनच राहिलं नाही, गॅरेज काय चालणार? रुपेशनं पाटीच लावली : 'स्टेअरिंग, सस्पेन्शन, टायर, ब्रेक. फक्त एवढंच.' इंजिन गेलं तरी गाडी चाकांवरच चालत होती. उलट बॅटरीच्या वजनानं टायर लवकर झिजायचे. मोटरच गाडीचा वेग कमी करत असल्यामुळे ब्रेक वापरात यायचे नाहीत आणि डिस्क गंजून बसायच्या. त्याचा धंदा जोरात होता.

रस्त्याचा नियम सोपा होता. गाडी घाट उतरली की तिचा निकाल ड्रायव्हरसमोरच्या पडद्यावर यायचा. दोष निघाला तर मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये दुरुस्ती करून घ्यायची, गॅरेजनं तसा शेरा द्यायचा, त्याशिवाय पुन्हा घाटाचा अडसर उघडायचा नाही. एखाद्या गॅरेजनं पास केलेल्या गाड्या वारंवार नापास व्हायला लागल्या, तर त्या गॅरेजची मान्यता आपोआप जायची. हा शेवटचा नियम केतकीनंच लिहिला होता, आणि तो वाचून रुपेश म्हणाला होता, "असाच पाहिजे."

*

पावसाळा अर्धा सरला आणि डावी चाकं सुरू झाली.

आधी डॉक्टर मयेकरांची मोटार. 'पुढचं डावं चाक, खालचा बॉल जॉइंट सैल.' रुपेशनं गाडी जॅकवर घेतली. चाक वरून आणि खालून धरून हलवलं. चाक जागचं हललं नाही. मग दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, म्हणजे चाक वळवणाऱ्या टाय रॉडमध्ये ढिलाई असेल तर कळते. तीही नव्हती. चाकाखाली पहार घालून वर रेटलं आणि बोट सांध्यावर ठेवलं. गोळी वाटीत घट्ट. वरचं रबरी टोपणही फाटलेलं नव्हतं. सांध्यांमधले रबरी बुश पाहिले, शॉकअप पाहिला, चाकाचे नट पाहिले. शेवटी शंका नको म्हणून त्यानं सांधा बदलूनच टाकला आणि पास असा शेरा दिला.

आठवड्याभरात मयेकर परत. तोच निकाल.

मग एक जीप आली, एक भाजीचा टेम्पो आला, लग्नाची वऱ्हाडं नेणारी मोठी गाडी आली. सगळ्यांचं पुढचं डावं चाक. गणपती झाले, नवरात्र बसलं, आणि रोज कुणी ना कुणी दारात उभा. इक्बालभाई तर तिसऱ्यांदा आले तेव्हा हसले नाहीत.

"रुपेशशेठ, टायरच्या वेळी मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो, रस्त्यानं जीव वाचवला म्हणून. आता सांगा, मी कुणाचं खरं मानू? तुमचं की वहिनींचं?"

त्या दिवशी दुपारी घरी ताटं वाढलेली होती आणि दोघंही जेवत नव्हते.

"ठकठक आहे," केतकी म्हणाली. "मी स्वतः ऐकली. कच्चा आवाज काढून, कानाला लावून ऐकली. जोडठोका आहे, स्पष्ट."

"आणि मी बोट लावून बघतोय, तिथे काही नाही."

"बोटाला तो फुगाही लागला नव्हता."

हे बोलल्यावर तिला वाटलं, नको होतं बोलायला. पण रुपेश चिडला नाही. तो भाकरीचा तुकडा नुसताच फिरवत राहिला.

"नव्हता लागला," तो म्हणाला. "म्हणून तर ह्या वेळी प्रत्येक सांधा मी नवा घातलाय, केतकी. जुना चांगला असतानाही. नवा सांधा आठ दिवसांत सैल होत नाही."

"रुपेश, मान्यता रद्द व्हायची नोटीस निघालीय. दसऱ्यानंतर लागू होईल. मला दिसली सकाळी."

"मलाही आली."

"मी ती थांबवू शकते. तसा अधिकार आहे मला."

"हात लावू नकोस." तो पहिल्यांदा तिच्याकडे बघत म्हणाला. "बायकोनं वाचवलेलं गॅरेज कोण विचारणार? आणि नवऱ्याला वाचवणारा रस्ता तरी कोण मानणार? फक्त एक कर. माझ्यावर शंका घेतलीस ना, तेवढीच एकदा त्याच्यावर घे."

केतकी उठली. हात न धुताच दाराशी गेली आणि परत वळली.

"जीप काढ. आत्ता."

*

जीप रुपेशची स्वतःची होती. डाव्या चाकाचा सांधा त्यानं खोक्यातून नवा काढून बसवला, केतकीनं समोर उभं राहून पाहिलं. दोघं घाट चढून गेले, माथ्यावर वळले आणि उतरले. पायथ्याशी पडदा उजळला : पुढचं डावं चाक, खालचा बॉल जॉइंट सैल.

"आता गंमत बघ," रुपेश म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा चढला होता. "कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. दोष सापडत नसेल तर त्याला हलवून बघा. डावीकडचा भाग उजवीकडे घाला. दोष भागाबरोबर गेला तर तो भागाचा. जागेवरच राहिला तर भाग निर्दोष, चोर दुसराच."

त्यानं दोन्ही बाजूंचे सांधे काढून अदलाबदल केले. चाकंही बदलली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

पुढचं डावं चाक, खालचा बॉल जॉइंट सैल.

"बघ! बघ!" रुपेश गाडीतून उतरून रस्त्यातच नाचायला लागला. "उजवीकडचा सांधा, उजवीकडचं चाक, आणि तरी डावंच! माझा हात खरा निघाला!"

केतकी जागची उठली नाही. पडद्याकडे बघत बसली. तिचा चेहरा पाहून रुपेशचं नाचणं थांबलं. सहा वर्षं काय असतात ते त्याला माहीत होतं. तो परत आत येऊन बसला.

"अगं, यंत्र आहे. दुरुस्त होईल."

"तसं नाही." ती हळूहळू बोलत होती, जणू एकेक शब्द तपासून घेत होती. "ठोका खरा आहे. सांधाही चांगला आहे. दोन्ही खरं असेल तर... रुपेश, तू सांधा बदललास, चाक बदललंस. गाडी बदलायची राहिली असं मी म्हणणार होते. पण गाड्या तर आधीच बदललेल्या आहेत! डॉक्टरांची वेगळी, टेम्पो वेगळा, बस वेगळी. सगळं बदललंय आणि दोष हललेला नाही. न बदललेली एकच गोष्ट उरते."

"कुठली?"

"आपण जिच्यावरून जातोय ती."

मार्गश्रुती पूर्ण घाटभर गाडीचं ऐकायची आणि खाली एकच निकाल द्यायची. ठोका नेमका कुठे ऐकू आला, हे निकालात येतच नसे. कुणाला हवंय ते? सैल सांधा सगळीकडेच सैल. शिवाय यंत्राला फक्त गाड्या शिकवल्या होत्या. गाडीखेरीज दुसऱ्या कशात दोष असू शकतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ठकठक ऐकू आली की ती गाडीचीच.

केतकीनं नापास झालेल्या सगळ्या डाव्या चाकांचे कच्चे आवाज काढायला लावले. काम मोठं होतं. संगणक रात्रभर ते चाळत राहिला.

*

दसऱ्याच्या सकाळी नियंत्रण कक्षात पडद्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. मधल्या पडद्यावर घाटाचा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक ठोक्याचा एक लाल ठिपका. केतकीला वाटलं होतं, ठिपके पसरलेले असतील. तसे ते नव्हतेच. सगळे एकावर एक चढून एकच गोळा झाला होता, जांभळीच्या वळणावर, दरीकडच्या अंगाला.

उतरणारी गाडी डावीकडून येते, आणि त्या वळणावर डावीकडे दरी होती. कठड्याच्या जवळून जाणाऱ्या जड गाड्यांचं डावं चाक तिथून जायचं. ऑगस्टमधले ठोके हलके होते. दर आठवड्याला ते जड होत गेले होते.

"खड्डा असेल," रुपेश म्हणाला.

"कॅमेऱ्यात बघ. डांबर गुळगुळीत आहे." तिचे डोळे चमकत होते. "रुपेश, रस्ता उलटा करता येत नाही. पण गाडी उलटी करता येते. तू खालून वर ये, पण त्या वळणावर उजव्या बाजूनं, दरीकडून. दोष गाडीचा असेल तर डावंच चाक वाजेल. जागेचा असेल तर..."

"उजवं वाजेल!" रुपेशनं टाळी वाजवली. "वा गं माझ्या राणी!"

"वळण ओलांडलंस की डोंगराच्या बाजूला थांब. आणि पहार घेऊन जा बरोबर."

विभागाचे कार्यकारी अभियंता सबनीस साहेब फोनवर नाखूश होते. सणाचा दिवस, दोन्ही बाजूंना गाड्यांची रीघ. पण पाच मिनिटं घाट मोकळा ठेवायला त्यांनी परवानगी दिली. रुपेश जीप घेऊन पायथ्याशी पोचला, तसे पायथ्यावरचे आणि माथ्यावरचे अडसर खाली आले. हार घातलेल्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या.

केतकीनं कानाला हेडफोन लावला. रिकाम्या घाटातून एकटी जीप चढत होती. टायरची सळसळ, बेअरिंगची बारीक गुणगुण. तिच्या नवऱ्यानं राखलेली गाडी किती स्वच्छ वाजते, हे तिनं असं कधी ऐकलं नव्हतं. जांभळीचं वळण आलं. जीप उजवीकडे सरकली.

ठक-ठक.

तिनं तिथल्या तिथे निकाल मागितला. पडद्यावर अक्षरं उमटली. पुढचं उजवं चाक, खालचा बॉल जॉइंट सैल.

केतकी उभी राहिली. खुर्ची मागे कलंडली. तिनं सबनीसांना फोन लावला.

"सर, जांभळीच्या वळणावर रस्त्याखाली पोकळी आहे. डांबराचा थर चाकाखाली दबतो आणि परत उसळतो, तो जोडठोका आहे. पावसाच्या पाण्यानं भराव वाहून गेलाय. घाट बंद ठेवा."

"केतकीताई, तिथे तुमचा धागाच सैल झाला असेल. तो वाजत असेल."

शक्य होतं. ते अगदीच शक्य होतं.

"असेल, सर. पण नसेल तर?"

"तुम्ही दसऱ्याच्या दिवशी घाट बंद करायला सांगताय. एका जीपच्या जोरावर."

"सांगत नाही, सर. आणीबाणीत अडसर पाडायचा अधिकार मला दिलेला आहे, तो वापरतेय. चूक निघाली तर माझी."

तिनं फोन ठेवून लाल कळ दाबली. तोवर पाच मिनिटं उलटून गेली होती. माथ्यावरचा अडसर ठरल्या वेळी आपोआप उघडला होता. तो पुन्हा खाली आला, पण रांगेतली पहिली गाडी आत शिरली होती. पडद्यावर तिचं नाव झळकलं. इक्बाल परकार, मिनीबस. दसऱ्यासाठी गावी निघालेल्या माणसांनी भरलेली.

केतकीनं बसला संदेश सोडला, थांबा. बस थांबली नाही. तिनं फोन लावला, पण घाटात फोनला रेंजच नव्हती. ड्रायव्हरसमोरच्या पडद्याचं काय झालं असेल ते तिच्या लगेच लक्षात आलं. डावं चाक, डावं चाक करणाऱ्या पडद्याकडे बघणं इक्बालभाईंनी केव्हाच सोडलं होतं. आज तर त्याच्यावर हारही असेल.

जीपच्या पडद्यावर तिनं लिहिलं : इक्बालभाईंची बस येतेय. वळणाच्या आधी थांबव.

मग ती ऐकत राहिली. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं.

वरून बसची जड सळसळ खाली येत होती. आणि वळणाजवळून एक नवा आवाज उठला. धप, धप, धप. यंत्राला तो ओळखता आला नाही, पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं. केतकीला एका क्षणात ओळखू आला. तो माणूस धावत होता. चढावर, जीव खाऊन. धाग्याला पावलंही ऐकू येतात हे तिला तत्त्वतः माहीत होतं, पण ऐकली आज पहिल्यांदा.

नकाशावर दोन ठिपके एकमेकांकडे येत होते. मोठा वरून, लहान खालून. तिच्या मागे सगळा कक्ष गोळा झाला होता. दोन वळणं राहिली. एक राहिलं. पावलं थांबली नाहीत. मग ब्रेक एकदम कण्हले, सहाच्या सहा टायर डांबरावर करकरले, आणि दोन्ही ठिपके एकाच जागी येऊन थबकले.

हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. चाक नाही, पाऊल नाही.

केतकीनं टेबलाची कड घट्ट धरली. धप. एक पाऊल. धप, धप. मग दुसरी, तिसरी, कितीतरी पावलं, बसमधून उतरणारी. आणि त्या सगळ्यांत एक जोडी अशी, की जी एका जागी उभी राहून जमिनीवर पाय आपटत होती. तिचा नवरा भांडत होता. केतकी हसता हसता रडायला लागली.

*

"मरायचंय का तुम्हाला?" इक्बालभाईंचा रंग उडालेला होता. "ब्रेक लागले नसते तर?"

"तुमचे ब्रेक मी केलेत. लागणारच," रुपेश धापा टाकत म्हणाला.

"आता काय? परत डावं चाक?"

"चाक नाही, इक्बालभाई. चला, दाखवतो."

माणसांना त्यानं डोंगराच्या अंगालाच उभं केलं. बसमधून दोर घेतला, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं जीपला. मग पहार घेऊन पोटावर सरकत तो कठड्याकडे गेला. इक्बालभाईंनी दोर हातात धरून ठेवला होता.

त्यानं डांबरावर पहार आपटली. भरीव रस्त्याचा आवाज बद्द येतो. हा आवाज ढोलासारखा आला. पुन्हा आपटली. तिसऱ्या घावाला डांबर फुटलं आणि पहार एकदम आत गेली, त्याच्या हातातून निसटली, नाहीशी झाली. सगळे कान देऊन उभे राहिले. बऱ्याच वेळानं खालून लोखंड दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागे पाणी वाहत असल्याचा.

"या अल्ला," इक्बालभाई म्हणाले. त्यांनी दोर खेचून रुपेशला मागे घेतलं आणि तिथेच त्याला मिठी मारली.

ती पहार पडतानाचा आवाज केतकीनं सबनीसांना ऐकवला. ते तिथूनच उठले. "मी निघतोय," म्हणाले. "दोन्ही बाजू बंद ठेवा. आणि कागदावर हा निर्णय दोघांचा लिहा, चुकला असता तरी दोघांचा." दुपारी त्यांची माणसं दुर्बिणी लावून लांबूनच मोजमाप घेत होती, तेव्हा कठडा आधी कलला. मग गुळगुळीत डांबराचा एक मोठा तुकडा, वरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट, सावकाश दरीत उतरला. भराव धरून ठेवणारी खालची भिंत केव्हाच पोखरली गेली होती. रस्त्याखालची मोरी तुंबून पावसाचं पाणी महिनोन् महिने भरावातून वाट काढत होतं.

घाटात अडकलेल्या लोकांनी तिथेच आपट्याची पानं वाटली. कुणीतरी रुपेशच्या जीपला हार घातला. वरून चालत आलेल्या केतकीला रस्त्याच्या कडेला बघून इक्बालभाई म्हणाले, "वहिनी, रस्ता तीन महिने ओरडत होता. आम्हाला वाटलं, आमच्यावर ओरडतोय."

"मलाही तसंच वाटलं," केतकी म्हणाली.

*

घाट बांधून होईपर्यंत हिवाळा गेला. तेवढ्या काळात केतकीनं मार्गश्रुतीला जमीन शिकवली. आता ठोका गाडीबरोबर पुढे सरकतो की जागेवर राहतो, हे ती आधी बघायची. इतर घाटांतून बोलावणी यायला लागली. एका घाटात धागा घातल्याच्या पहिल्याच आठवड्यात एक खचत चाललेला पूल सापडला, वेळेत. केतकीचे फोन थांबेनात.

पण त्याआधी तिनं एक काम केलं. गॅरेजांचे जुने निकाल तिनं नव्या कानानं पुन्हा ऐकायला लावले. साळवी गॅरेजविरुद्धच्या तक्रारी एकामागून एक पुसल्या गेल्या. घाट बंद असल्यामुळे थांबलेली नोटीस मागे घेतली गेली आणि मान्यता अबाधित राहिली. रुपेशनं पेढे आणले. केतकी पेढा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"सगळ्या नाही पुसल्या गेल्या," ती म्हणाली. "दोन राहिल्यात. त्यांचा ठोका घाटभर गाडीबरोबर चाललाय."

तिला वाटलं, हे उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं. रुपेशनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"कुठल्या दोन?"

"एक भाजीचा टेम्पो. दुसरी मयेकर डॉक्टरांची."

"मयेकरांची? अगं, पहिली तीच होती! सांधा तर मी बदलला!" तो चपला घालत होता. "म्हणजे सांधा नव्हे. दुसरंच काहीतरी. ठोका तसाच, पण दुसरंच! फोन लाव त्यांना. सांग, गाडी घेऊन या, पैसे नकोत, चहा देतो."

मयेकर गाडी घेऊन आले. रुपेश तिच्याखाली शिरला तो शिरलाच. दोन चहा झाले. डॉक्टर खुर्चीत पेपर वाचत बसले. केतकी वाकून खाली बघत होती, तिला फक्त त्याचे पाय आणि हलणारा दिवा दिसत होता. आतून पाना टेकल्याचा, काहीतरी रेटल्याचा आवाज येत होता. मग सगळं शांत झालं.

"रुपेश?"

"श्श. तू स्टेअरिंग धर. जरासं डावीकडे. आता उजवीकडे. परत डावीकडे."

तिनं स्टेअरिंग फिरवलं. आणि तिला ऐकू आलं, धाग्यातून नाही, हेडफोनमधून नाही, नुसत्या कानांनी. ठक-ठक.

"सापडला!" गाडीखालून अशी आरोळी उठली की डॉक्टरांच्या हातून पेपर पडला आणि समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "लोअर आर्मचा मागचा बुश! रबर आतून चिरलंय, वरून कळतच नाही! केतकी, ये, खाली ये, बोट लावून बघ!"

केतकीनं ओढणी कमरेला खोचली आणि ती त्याच्या शेजारी गाडीखाली आडवी झाली.